मलागा बेटावरची मसणवट



अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात, समुद्रकाठाला मलागा म्हणून एक बेट आहे. सगळं मिळून 40-42 एकर. 1860 च्या सुमारास तिथं काळी आणि गोरी माणसं एकत्र राहायला आली. आपसात लग्नं झाली, पोरंबाळं झाली. मासे मारायचे, शिंपले काढायचे, काठावर मजुरीला जायचं. गरीब होती. पण आजूबाजूचे गोरे कोळी तरी कुठे श्रीमंत होते? त्यांना कुणी हात लावला नाही.

आधी हे बेट कुणालाच नको होतं. शेजारची दोन्ही गावं म्हणत, आमच्या हद्दीत नाही. हद्दीत घेतलं तर गरिबाला मदत द्यावी लागते ना! (आपल्याकडे फॉरेस्टवाला तलाठ्याकडे पाठवतो अन् तलाठी फॉरेस्टकडे, तसंच.) मग त्या किनाऱ्यावर हॉटेलं झाली, शहरातले पैसेवाले उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागले. आता या झोपड्या त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. पेपरवाल्यांनी लिहिलं, ही माणसं घाणेरडी, आळशी, मंदबुद्धी. त्यांचे फोटो छापून कार्डं विकली. मिश्र रक्त म्हणजे बिघडलेलं रक्त, असं तेव्हा शिकलेले लोकच सांगत होते.

1911 मध्ये गव्हर्नर स्वतः बेट बघून गेला. त्याच वर्षी राज्याने कागदावरच्या मालकाच्या वारसांकडून बेट विकत घेतलं, आणि 50 वर्षं राहणारे एका सहीने अतिक्रमणवाले झाले. हुकूम निघाला: 1 जुलै 1912 च्या आत चालते व्हा. 45 च्या आसपास माणसं. काहींच्या हातावर घराचे थोडे पैसे ठेवले. लोकांनी आपलीच घरं मोडून तराफ्यांवर लादली. 8 जणांना, त्यात मुलंसुद्धा, मंदबुद्धींच्या सरकारी संस्थेत कोंडलं. मुलं जिथं लिहायला शिकत होती ती शाळाही उचलून दुसऱ्या बेटावर नेली.

आणि मग सरकारने मसणवट खणली. 17 जणांची हाडं काढली, 5 पेट्यांत भरली, आणि त्या संस्थेच्या आवारात नेऊन पुरली. कुणाचं हाड कुणाच्या पेटीत, कोण बघतो?

मेलेला माणूस सरकारचं काय बिघडवतो? आम्ही सांगतो. मसणवट हा पुरावा असतो. घर मोडता येतं, पावती हरवते, पण आजा-पणजा जिथं पुरलाय तिथं हा माणूस उपरा आहे असं म्हणता येत नाही. हे मेनच्या सरकारला कळलं होतं. आपल्याच काही लोकांना अजून कळत नाही, ते दाव्याला फक्त दंडाच्या पावत्या जोडतात.

बेटावर पुढे हॉटेल झालंच नाही. बेट रिकामं राहिलं. 2010 मध्ये, म्हणजे 98 वर्षांनी, राज्याने माफी मागितली. ज्यांची मागितली त्यातलं ऐकायला कोण उरलं होतं? आज ते बेट निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेच्या ताब्यात आहे. झाडं आहेत, पक्षी आहेत, माणूस नाही. वाघासाठी गाव उठवायला येणाऱ्या साहेबांना हे चित्र फार आवडेल.

तर वनहक्क नियमातला नियम 13 ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. सामूहिक दाव्यात मसणवट, देवाची झाडं, पाणवठे पुरावा म्हणून धरतात. म्हाताऱ्यांची जबानीही धरतात. पावसाआधी प्रत्येक पाड्याने आपल्या मसणवटीचा नकाशा काढावा, कुणाला कुठे पुरलंय ते म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून लिहून घ्यावं, आणि ग्रामसभेचा शिक्का मारून एक प्रत संघटनेकडे द्यावी.