लवचीक वेळ कोणाच्या हाती?

कामाच्या वेळा लवचीक केल्या की नोकरदाराचे जीवन सुसह्य होते, असे हल्ली मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांत ही चर्चा घरून काम करण्याभोवती फिरते. धुळ्यात मात्र तिची कसोटी सरकारी कचेरीत आणि महाविद्यालयाच्या वर्गात लागते.

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्याचे स्वागत झाले व ते रास्तच होते. परंतु ही सुट्टी फुकट मिळालेली नाही. दुसरा व चौथा शनिवार पूर्वीही सुट्टीचाच होता. उरलेले शनिवार देताना शासनाने रोजच्या कामात पाऊण तासाची भर घातली. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शिपायांची तर साडेनऊ ते साडेसहा. शासनाचाच हिशेब असा की, वर्षातील कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर आले आणि कामाचे तास २०८८ वरून २११२ वर गेले. दिवस २४ घटले, तास २४ वाढले. देणाऱ्याचा हात अगदीच सैल नव्हता!

धुळ्यातच राहणाऱ्या लिपिकाला हा सौदा परवडतो. शिरपूर किंवा साक्रीहून रोज एसटीने येणाऱ्याची सायंकाळ मात्र रस्त्यावरच संपते, आणि ती स्त्री असेल तर घरी चूल तिची वाट पाहत असते. तरीही या व्यवस्थेत एक गुण आहे. शनिवार आपला आहे, हे कर्मचाऱ्याला नियमाने ठाऊक असते. साहेबांच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो.

शाळा-महाविद्यालये या निर्णयातून वगळली गेली. तेथे निराळीच लवचीकता नांदते. तिचे नाव तासिका तत्त्व. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्याच्या महाविद्यालयांतून असे अध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत आहेत. जितके तास, तितके मानधन. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग नाहीत, म्हणून पैसाही नाही. सत्र संपले की नेमणूकही संपते. या अध्यापकाला मोकळा वेळ भरपूर असतो, असे कोणी म्हणेल. तो वेळ दुसऱ्या गावच्या महाविद्यालयातले तास मिळविण्यात जातो. विद्यार्थ्याला शंका विचारायची असते तेव्हा अध्यापक बसस्थानकावर असतो. पद मंजूर असून रिक्त ठेवायचे आणि काम तासांवर उरकायचे, याला काटकसर म्हणता येईल; सवलत म्हणता येणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली आहे. कागदावर ही अट चोख दिसते. परंतु अवधानच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाबाहेर कामाच्या शोधात आलेली माणसे उभी असताना, 'नाही' असे लिहून देणारा कामगार कोठून आणावा? संमती केव्हाही परत घेता यावी आणि ती न दिल्याबद्दल कोणाला कामावरून कमी करता येऊ नये, एवढे तरी नियमांत स्पष्ट असले पाहिजे. तासिका अध्यापकांची मागणी याहून साधी आहे: मंजूर पदे भरावीत, आणि ती भरेपर्यंत मानधन दरमहा, ठरल्या तारखेला द्यावे.