अर्धशक्तीचा योगाभ्यास : प्रारंभ वैद्याच्या घरापासून

चाळिशी ओलांडलेल्या रुग्णास 'रोज थोडी योगासने करीत जा' असे न सांगणारा वैद्य आज सोलापुरात शोधूनही सापडणार नाही. मात्र हा सल्ला देणाऱ्या आपणांपैकी किती जण स्वतःच्या घरी रोज घटकाभर सतरंजीवर बसतात, हा प्रश्न विचारल्यास सभेत शांतता पसरेल. त्या शांततेत कालपरवापर्यंत आम्हीही सामील होतो, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे.

आमचे डोळे उघडले ते एका रुग्णामुळे. यंत्रमागावर आयुष्य काढून निवृत्त झालेले पासष्टीचे एक गृहस्थ कटिशूलासाठी आमच्याकडे आले. औषधासोबत आम्ही त्यांच्या हाती बारा आसनांचा छापील कागद दिला. पंधरा दिवसांनी ते मुलाच्या खांद्याचा आधार घेत परत आले. पश्चिमोत्तानासनापुढे 'कपाळ गुडघ्यास टेकवावे' असे छापलेले होते व त्यांनी ते अक्षरशः पाळले होते. क्ष-किरण तपासणीत एक मणका दबलेला आढळला. तो आधीपासून दबला होता की वाकण्याने दबला, याचा निर्णय झाला नाही. परंतु कागद आमचा होता. अस्थिधातूचा क्षय झालेल्या कण्यास जोराने पुढे वाकविणे धोक्याचे, हे ज्ञात असूनही आम्ही तो दिला होता. तो कागद आम्ही विद्यार्थिदशेतील टिपणांवरून केलेला. विशीतील शरीराचा अभ्यास आम्ही पासष्टीतील शरीरास लिहून दिला होता.

वस्तुतः आपल्या शास्त्रात याविषयी संदिग्धता नाही. सुश्रुताचार्यांनी मध्यम वयाचे विभाग करताना चाळीस वर्षांपर्यंत धातूंची संपूर्णता व त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित परिहानी सांगितली आहे. वयाच्या अंतिम भागात वाताचे प्राबल्य, हे तर आपण पहिल्या वर्षीच शिकतो. व्यायामाची मर्यादा सांगताना वाग्भटांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासही अर्धशक्तीच सांगितली, तीही शीतकाळात व वसंतात. इतर वेळी त्याहूनही कमी. अर्धशक्तीची खूणही दिलेली आहे : श्वास नाकावाटे न पुरता तोंडावाटे येऊ लागणे, कपाळी व काखेत घाम, तोंडास कोरड. आसन म्हणजे केवळ व्यायाम नव्हे, हे खरे. तथापि वाढत्या वयात आसनासही हेच माप लावावे, असे आमचे मत आहे. श्वास जड झाला की आसन सोडावे. कागदावरचे चित्र पुरे करण्यासाठी ताणू नये.

येथे पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण बोलके आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योग' या त्यांच्या ग्रंथातील सुमारे ६०० छायाचित्रे पाहून अनेकांचा असा समज होतो की, योग म्हणजे शरीराची ती अवघड वळणे. पण त्याच अय्यंगारांना १९७९ साली, वयाच्या साठीत, स्कूटरच्या अपघातांत गंभीर दुखापत झाली व आयुष्यभर कमावलेला अभ्यास जवळजवळ आरंभापासून पुन्हा उभारावा लागला. खुर्ची, लाकडी ठोकळे, दोर, पट्टे, घडी केलेली पांघरुणे यांचा आधार घेऊन आसनात दीर्घकाळ राहण्याची रीत हे त्यांच्या परंपरेचे वैशिष्ट्य. २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नव्वदी उलटल्यावरही त्यांचा नित्य अभ्यास चालू होता. तो टिकला, कारण तो वयाबरोबर बदलत गेला. आधार घेणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे त्यांच्यासारख्या समर्थ अभ्यासकाने स्वतःच्या देहावर दाखवून दिले.

मग आपल्या गावी, आपल्या घरात हा अभ्यास कसा बसवावा? आमचा नियम साधा आहे : दिवसभर शरीराची जी ठेवण असते, तिच्या उलट ठेवण प्रथम द्यावी. विडी वळणारी भगिनी सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास पुढे वाकून बसते. तिला आणखी पुढे वाकविणारी आसने कशाला? तिने भिंतीस पाठ लावून हात वर न्यावेत, पालथे निजून सौम्य भुजंगासन करावे. मागावर उभे राहून पोटऱ्या भरून आलेल्या कामगाराने पाय भिंतीस टेकवून उताणे पडावे. वैद्य दिवसभर रुग्णाकडे झुकलेला असतो; त्याची मान व छाती यांना मोकळीक हवी. साठीनंतर पडण्याचे भय मोठे. म्हणून भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव सर्वांनीच ठेवावा. साधने विकत आणण्याची आवश्यकता नाही. आपल्या सोलापुरी चादरीची जाड घडी नितंबाखाली घेतली की, ज्यांचे गुडघे जमिनीस टेकत नाहीत त्यांनाही ताठ बसता येते. पाट, खुर्ची व भिंत प्रत्येक घरी असतेच.

देश व ऋतू यांचा विचारही सोडता येत नाही. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळिशी ओलांडतो. अशा ग्रीष्मात शास्त्राने व्यायाम वर्ज्य सांगितला असता, सूर्यनमस्कारांची हेमंतातील संख्या तशीच रेटणे हा हट्ट होय. त्या दिवसांत पहाटे थोडी आसने, सावकाश अनुलोम-विलोम व शवासन एवढे पुरे. रक्तदाब अनियंत्रित असणाऱ्यांनी व काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली व पाय वर अशी आसने टाळावीत. अंत्रवृद्धी असणाऱ्यांनी कपालभाती करू नये.

औषधी दुकानांच्या चालकबंधूंना एक विनंती. गुडघेदुखीचा रुग्ण अनेकदा वैद्याकडे येण्यापूर्वी तुमच्याकडे येतो. त्याला तेलाची बाटली देताना दिनचर्येतील क्रमही सांगावा : आधी अभ्यंग, मग व्यायाम. 'तेल जिरवा आणि मग गादीवर नव्हे, सतरंजीवर दहा मिनिटे बसा', एवढे वाक्य पुरे. यामुळे गुग्गुळाचा खप घटेल अशी भीती कोणास वाटल्यास ती आम्ही खोटी म्हणणार नाही. काही अंशी घटेलही. परंतु ज्याचा गुण येतो तो ग्राहक विश्वासाने परत येतो. शिवाय दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या तुमच्या स्वतःच्या गुडघ्यांचे काय?

'घरी एकट्याने केल्यास चुका होतात, वर्गातच जावे', असा आक्षेप काही व्यवसायबंधू घेतात. प्रारंभी जाणत्या शिक्षकाकडून शिकावे, यात दुमत नाही. पण वर्गातील गती पंचविशीच्या तरुणाची असली की, शेजाऱ्याकडे पाहून साठीचा माणूस ताणतो. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला मैदाने भरतात, ही समाधानाची गोष्ट. मात्र २२ जूनला सकाळी घरातील सतरंजी पसरली जाते काय, यावरच त्या सोहळ्याचे फळ ठरते. पतंजलींनीही अभ्यासास दीर्घकाळ, सातत्य व आदर यांची अट घातली आहे, लवचिकतेची नव्हे.

ते निवृत्त गृहस्थ आज बरे आहेत. भिंतीशी उभे राहून चार क्रिया व चादरीच्या घडीवर बसून दहा मिनिटे श्वासाचा अभ्यास, एवढाच त्यांचा क्रम आहे. आम्ही तो छापील कागद देणे बंद केले. आता रुग्णाचे वय, काम, प्रकृती व घरातील जागा विचारून दोन-तीनच गोष्टी हाताने लिहून देतो. आणि ज्या स्वतः करून पाहिल्या नाहीत त्या लिहीत नाही. या नियमामुळे पहाटे उठणे आम्हांस भाग पडले आहे. प्रारंभीचे काही दिवस मान आखडलेली, श्वास अपुरा, अशी आमचीच अवस्था पाहून आम्हांला संकोच वाटला. परंतु रुग्णास 'हळू करा' असे म्हणण्याचा अधिकार त्या संकोचातूनच मिळाला, असे आम्ही मानतो.