जुन्या ट्रॅक्टराचा सौदा: कागद आधीं, किल्ली मागून

पाडवा आणि अक्षय्यतृतीया जवळ आली कीं गांवोगांव जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे जुळूं लागतात. नव्या यंत्राची किंमत ज्यास झेपत नाहीं, तो ओळखीच्या कोणा शेतकऱ्याकडून वापरलेला ट्रॅक्टर घेतो. यांत गैर कांहींच नाहीं. पांच-दहा एकरांच्या खातेदारास जुना पण धड ट्रॅक्टर हा नव्या ट्रॅक्टराच्या कर्जापेक्षां पुष्कळ वेळां हितावह ठरतो, असेंच आमचें मत आहे. परंतु हे सौदे ज्या रीतीनें होतात ती रीति आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जो शेतकरी गुंठाभर जमीन घेतांना सात-बारा, फेरफार व इतर हक्कांतील बोजा डोळ्यांत तेल घालून पाहतो, तोच लाखों रुपयांचा ट्रॅक्टर चार माणसांच्या शब्दावर व एका स्टॅम्प-कागदावर घेऊन मोकळा होतो. किल्ली हातीं आली म्हणजे मालकी आली, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ती चुकीची असून तिची किंमत देणारा आणि घेणारा या दोघांसही मोजावी लागते.

देणाऱ्याचा विचार प्रथम करूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, एकाच राज्यांतील व्यवहार असल्यास, विकणाऱ्यानें १४ दिवसांचे आंत व घेणाऱ्यानें ३० दिवसांचे आंत हस्तांतराची खबर नोंदणी-अधिकाऱ्यास द्यावयाची असते. फॉर्म २९ व फॉर्म ३० आहेत ते याचसाठीं. ही खबर दिली नाहीं तर काय होतें, तें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका मोटारीच्या खटल्यांत स्पष्ट केलें आहे. ती मोटार एकामागून एक अनेकांस विकली गेली होती, पण आर. सी. बुकांतील नांव पहिल्याच मालकाचें राहिलें होतें. पुढें तिच्याखालीं माणूस दगावला, तेव्हां भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यांत आली. ट्रॅक्टर व ट्रॉली यांस हाच न्याय लागू आहे. सबब कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा विक्रेता आपली मान परक्याच्या हातीं देतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां घेणाऱ्याविषयीं. बहुतेक ट्रॅक्टर कर्जावर घेतलेले असतात व ज्या बँकेनें वा कंपनीनें कर्ज दिलें तिचें नांव आर. सी. बुकांत चढलेलें असतें. "हप्ते केव्हांच फिटले" एवढें सांगून विक्रेता मोकळा होतो. पण कर्ज फिटणें निराळें आणि नोंद उतरणें निराळें. सोसायटीचें कर्ज फेडलें तरी सात-बारावरील बोजा आपोआप उतरत नाहीं, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. ट्रॅक्टराचेंही तसेंच आहे. सावकार संस्थेचा बेबाकी दाखला व तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ कार्यालयांत दाखल झाल्यावांचून ती नोंद जात नाहीं. आणि नोंद असेतों त्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय नांव बदलत नाहीं. हप्ते थकले असतील तर ट्रॅक्टर ओढून नेला जातो, व घेणाऱ्याच्या हातांत उरतो तो स्टॅम्प-कागद. यंत्र परराज्यांतील असेल तर तेथील नोंदणी-कार्यालयाचा ना हरकत दाखलाही हवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही पाहावी. विमा आपल्या नांवें करून घेण्यास विमा कंपनीकडे १४ दिवसांचे आंत अर्ज करावा.

यावर कोणी म्हणेल कीं, सोयऱ्याधायऱ्यांत कागद मागणें बरें दिसत नाहीं. आमचें उत्तर असें कीं, भीड ही भिकेची बहीण आहे. ज्या व्यवहारानें दोन्ही घरांचें रक्षण होतें तो करण्यांत अविश्वास कसला? सोयरीक तुटते ती कागद मागितल्यानें नव्हे, तर कागद न झाल्यामुळें पुढें उद्भवणाऱ्या कज्ज्यानें.

यंत्राच्या पारखेंतही हीच भीड आड येते. १९३० च्या मालविक्री कायद्याचें सर्वसाधारण तत्त्व असें कीं, मालाची पारख घेणाऱ्यानेंच करावी. यास्तव विक्रेत्याच्या नव्हे, तर आपल्या विश्वासाच्या मेस्त्रीस बरोबर न्यावें. इंजिन थंड असतांना, आपल्यासमोर, पहिल्यांदा चालू करावयास सांगावें. आधींच गरम करून ठेवलेलें इंजिन आपले दोष झांकतें. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑईल जाळीत आहे असें समजावें. ऑईल दुधासारखें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. इंजिन चालू ठेवून ऑईल भरण्याचें झांकण काढावें. तेथून धुराचे लोट येत असल्यास रिंगा झिजल्या आहेत. हायड्रॉलिकवर नांगर उचलून इंजिन बंद करावें व तो किती वेळांत खालीं बसतो तें पाहावें. ऊंस-वाहतुकींत दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टराचा क्लच, ब्रेक व मागचा हूक झिजलेला असतो, तर भाताच्या चिखलणींत राबलेल्याच्या ब्रेकांत व पुढच्या चाकांच्या बेअरिंगांत चिखल-पाणी शिरलेलें असतें. तासांच्या मीटरावर विसंबूं नये. पायडलांची झीज अधिक खरें बोलते. ताज्या रंगावर तर मुळींच भुलूं नये. शेवटीं चेसिस व इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक आर. सी. बुकाशीं अक्षरशः ताडून पाहावेत.

हें सर्व जमलें म्हणजे किंमत ठरवावी. थोडा विसार बँकेमार्फत द्यावा व त्याची लेखी पावती घ्यावी. फॉर्म पूर्ण भरून कार्यालयांत दाखल झाले त्या दिवशीं किल्ली व बहुतांश रक्कम यांची अदलाबदल करावी, आणि कांहीं हिस्सा नांव चढेपर्यंत मागें ठेवण्याचा करार आधींच करावा. ज्या विक्रेत्याचें सर्व सरळ आहे त्यास ही अट जड वाटण्याचें कारण नाहीं. जो एवढ्यानें बिथरतो त्याचा ट्रॅक्टर न घेणेंच बरें.

मुहूर्त हुकेल म्हणून घाई करणाऱ्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, साडेतीन मुहूर्त दर वर्षीं येतात. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं हे फॉर्म आपल्या कचेरींत ठेवले व ते भरून देण्यास एक जाणता माणूस नेमला, तर सभासदांचे कितीतरी कज्जे टळतील. निदान आमच्या वाचकांनीं तरी यापुढें आर. सी. बुकास सात-बाराचाच मान द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.