टाके सुकले, पुढचं काय?

लॅप्रोस्कोपीचे टाके दोन-तीन आठवड्यांत सुकतात. मग घरच्यांपासून एचओडी मॅडमपर्यंत सगळे विचारतात, ‘आता बरी आहेस ना?’ एन्डोमेट्रिऑसिस असेल तर या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, मूत्राशयावर, आतड्यांवरसुद्धा. ऑपरेशनमध्ये त्या गाठी आणि एकमेकांना चिकटलेले भाग मोकळे करतात, पण आजार परत येऊ शकतो. म्हणून पुढे अनेकींना हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. सुरुवातीला मध्येच स्पॉटिंग, डोकेदुखी, मूडचे बारा वाजलेले. आणि हे सगळं सेमिस्टर चालू असताना!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे. तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘पाळीत दुखतंच गं’ म्हणून विषय संपतो. मी ते दहावीपासून ऐकलं; आजाराचं नाव कळलं बाविसाव्या वर्षी. मध्यंतरी सोनोग्राफी नॉर्मल आली होती. तुमचीही आली असेल आणि दुखणं तरी थांबत नसेल, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा विचारा.

आता मुद्दा हजेरीचा. केरळने जानेवारी २०२३मध्ये राज्यातल्या विद्यापीठांत मुलींसाठी ७५ टक्क्यांची अट ७३वर आणली. छान केलं, आपल्याकडेही व्हावं. पण एन्डो असलेल्या मुलीला दोन टक्के पुरत नाहीत. तिचं दुखणं पाळीच्या चार दिवसांत मावत नाही. पाळी नसतानाही ओटीपोटात कळ येते, कधी नुसता थकवा असतो. दर वेळी नवं मेडिकल सर्टिफिकेट आणायचं म्हणजे पुन्हा डॉक्टरांची फी, आणि ऑफिसच्या खिडकीशी रांगेतल्या सगळ्यांसमोर हळू आवाजात ‘लेडीज प्रॉब्लेम’ म्हणायचं. (अपेंडिक्सच्या ऑपरेशनला कुणी आवाज हळू करत नाही.)

कॉलेजांनी हा दीर्घकाळचा आजार म्हणून नोंदवावा. निदानाचं पत्र वर्षातून एकदाच घ्यावं, त्यावर वर्षभर हजेरीत सवलत द्यावी आणि बुडालेली इंटर्नल पुन्हा देऊ द्यावी. पत्र प्राचार्यांच्या फाइलमध्येच राहू दे, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.