हजर-गैरहजर

आमच्या गावात पारावर बसून सकाळी पेपर वाचणारे आम्ही सात-आठ जण आहोत. बहुतेक पेन्शनर. गाझाची बातमी निघाली की त्यातल्या एकाचं वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडंही इस्रायलसारखंच केलं पाहिजे." बाकीचे माना डोलावतात. मी हायस्कुलात चौतीस वर्षं इतिहास शिकवला. म्हणून मला विचारावंसं वाटतं की बाबांनो, इस्रायलसारखं म्हणजे नेमकं काय?

म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर विमानं आणि बाँब असतात. खुद्द इस्रायलच्या आत इस्रायलचेच नागरिक असलेले अरब राहतात, दर पाच माणसांमागे एक, हे त्याला ठाऊकच नसतं. १९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, दीड लाखाच्या आसपास मागे राहिले. त्यांची ही मुलं-नातवंडं. त्यांना १९४९ पासून मताचा अधिकार आहे, सर्वोच्च न्यायालयात अरब न्यायाधीश बसलेले आहेत, तिथल्या दवाखान्यांत अरब डॉक्टर आणि नर्स भरपूर आहेत. हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण यातल्या बहुतेकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. मत द्या, पण परवान्याशिवाय गावाबाहेर पडू नका!

आणि १९५० चा तो कायदा. लढाईच्या दिवसांत जो आपल्या घरी नव्हता तो गैरहजर, आणि गैरहजराची जमीन सरकारच्या ताब्यात. यात हजारो असे होते की जे देश सोडून गेलेच नव्हते, जवळच्याच दुसऱ्या गावी आसऱ्याला गेले होते. ते नागरिक झाले, कर भरू लागले, पण जमिनीपुरते गैरहजरच राहिले. त्यांना तिकडे नावच पडलं, 'हजर-गैरहजर'. जन्मभर हजेरी घेतलेल्या माणसाला हा शब्द वाचून काय वाटलं असेल! इक्रित नावाच्या गावातल्या ख्रिस्ती अरबांना लष्करानं "दोन आठवड्यांत परत या" म्हणून बाहेर काढलं. परत येऊ देईनात, तेव्हा ते कोर्टात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी नाताळात लष्करानं गावच उडवून दिलं. चर्च तेवढं उरलं.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं तिकडचं. तर इकडचं सांगतो. वर्ष तेच, १९४८.

रझाकारांच्या भीतीनं आमचं घर त्या उन्हाळ्यात बार्शीकडे पळालं होतं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला, मग घरची मंडळी परतली. तोवर वाड्यात एक भांडं उरलं नव्हतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं वाटतं. रझाकारांनी केलं त्याला माफी नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. मात्र त्यानंतरचे दोन महिने आजी कधी पुरते सांगत नसे. ते मी फार उशिरा वाचले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानं त्या हिवाळ्यात राज्यात फिरून सरकारला लिहून दिलं की पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुसंख्य मुसलमान. सर्वांत जास्त उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला. त्या खालोखालच्या जिल्ह्यांत आमचं बीड. हा अहवाल कितीतरी दशकं दडलेलाच होता. शाळेच्या पुस्तकात तो मला कधी दिसला नाही.

आमच्या गावचा तांबोळी रझाकार नव्हता. पानं विकायचा. तो बायकापोरांना घेऊन रातोरात मोमिनाबादला, म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, नातलगांकडे गेला. माझ्या आजोबांनी तिथं जाऊन त्याच्या चार एकर रानाचा कागद करून आणला. किती हाली रुपयांत, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. दोन वर्षांनी तांबोळी परत आला आणि गावाबाहेर पत्रे ठोकून राहिला. सातबारावर आमचं नाव लागून सत्तर वर्षं होऊन गेली, तरी गाव अजून 'तांबोळ्याचं रान'च म्हणतं. त्याचा नातू माझ्या वर्गात होता. मी नाव पुकारायचो, तो उभा राहून "हजर सर" म्हणायचा.

निष्क्रांत मालमत्तेचा कायदा आपल्याकडेही १९५० चाच, त्यामुळे फुशारकी मारायला जागा नाही. पण एक फरक पडला. हैदराबादेतला लष्करी अंमल १९४९ अखेर संपला. १९५२ च्या निवडणुकीत तांबोळी माझ्या आजोबांच्या मागं रांगेत उभा होता. तिकडे अठरा वर्षं, इकडे जेमतेम सव्वा वर्ष. बीडमध्ये पुढं जी काही शांतता लाभली ती त्या रांगेमुळे, असं माझं मत आहे. आणि आता हा फरक पुसायची आपल्याला घाई झालीय. ३० मार्च २०२५ ला, ईदच्या आदल्या दिवशी पहाटे, गेवराई तालुक्यात अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. त्यात दोघांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या पारावर या बातमीचं पान कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

तिकडे शांतता कधी येईल म्हणता? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं १,२०० च्या आसपास माणसं मारली, त्यात इस्रायलचे अरब नागरिकही होते. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत तिथले मृत ६५,००० च्या वर गेले, तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२५ चा युद्धविराम झाला. करार करणारे नकाशा घेऊन बसतात. माझी नजर मात्र नकाशाच्या आत राहिलेल्या त्या पाचव्या माणसावर आहे. २०१८ च्या कायद्यानं त्याच्या अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जा काढून घेतला. (निजामाच्या राज्यात माझ्या वडिलांना उर्दूतून शिकावं लागलं होतं, म्हणून हे दुखणं मला कळतं.) जून २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा अरब पक्ष पहिल्यांदा सत्तेत सहभागी झाला, तेव्हा मला फार आशा वाटली होती. ते सरकार फार काळ टिकलं नाही. पंचाहत्तर वर्षं मत देणाऱ्याला जे राज्य इक्रितला परत जाऊ देत नाही, ते गाझातल्या माणसाला काय देणार?

पॅलेस्टाईनचा झेंडा स्टेटसला ठेवणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनाही सांगतो. इराक-येमेनमधून घरंदारं सोडून आलेल्या ज्यूंचं, आणि बार्शीकडे पळालेल्या माझ्या आजीचंही, दोन शब्द बोला. मग तुमच्या झेंड्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

असो. गेल्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी रझाकार सांगितले, फौजा सांगितल्या, आणि नंतर सुंदरलाल अहवाल आणि तांबोळ्याचं रानही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पारावरचे दोघं तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. धाकटा भाऊ संध्याकाळी घरी आला. "दादा, रानाचं कशाला काढलंस? उद्या तो नातू दारात येऊन उभा राहिला तर?"

मी म्हणालो, "येऊ दे. मीच निरोप पाठवलाय."