चोर सोडून संन्याशाला फाशी

पायथनचा प्रोग्रॅम ट्रेसबॅक न देता ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच म्हणून मेला, की टीममध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘पायथनमध्येच बग आहे.’ या पूर्वपक्षाकडे पुरावाही असतो. कोअर डम्प जीडीबीत उघडला की वरच्या फ्रेम इंटरप्रिटरच्या दिसतात, पुष्कळदा गार्बेज कलेक्टरच्या. शिवाय आपली स्क्रिप्ट साधी पायथनची. तिच्याने पॉइंटर बिघडणार कसा?

इथवर बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकतो, कारण प्रोग्रॅम जिथे कोसळला तिथेच चूक झाली, असं त्यात धरून चाललेलं असतं. सीमध्ये लिहिलेलं एक्स्टेन्शन इम्पोर्ट केलं की लिनक्सवर त्याची फाइल ‘डीएलओपन’ने थेट इंटरप्रिटरच्याच प्रोसेसमध्ये चढते. दोघांची मेमरी एक, मध्ये भिंत नाही.

एक चूक जवळून बघा. एक्स्टेन्शनच्या लेखकाने ‘पायलिस्ट_गेटआयटम’ने लिस्टमधली वस्तू घेतली. हा रेफरन्स उसना असतो. मालकी लिस्टकडेच राहते. काम झाल्यावर त्याने सवयीने ‘पाय_डेकरेफ’ लिहिलं, म्हणजे उसनं आणलेलं भांडं मोडीत काढलं. रेफरन्सची मोजणी एकवरून शून्यावर आली, वस्तू गेली, आणि लिस्ट त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिली. ५१२ बाइटपर्यंतची मेमरी पायथनचा स्वतःचा अ‍ॅलोकेटर सांभाळतो, आणि मोकळी झालेली जागा तो लगेच दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो. पुढे केव्हातरी कलेक्टर त्या लिस्टवरून फिरतो, वस्तूचा टाइप वाचायला जातो आणि तिथेच कोसळतो. चोर केव्हाच पसार झालेला असतो. डम्पमध्ये सापडतो तो संन्यासी.

‘पण व्हर्जन बदलल्यावर क्रॅश थांबला!’ थांबतो, नाकारत नाही. एक्स्टेन्शन ज्या व्हर्जनसाठी बांधलं त्यापेक्षा वेगळ्यावर चढलं असेल, तर पुन्हा बिल्ड करणं हाच खरा इलाज आहे. एरवी मात्र मेमरीतली मांडणी हलल्यामुळे क्रॅश फक्त लपतो. एखादा प्रिंट टाकूनही तो तसाच लपतो. ट्राय-एक्सेप्टचं तर नावच नको: सिग्नल ११ कर्नलकडून येतो, तो एक्सेप्शन नसतो.

तिसरा पक्ष व्यवहारी आहे: एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, मेलं की पुन्हा सुरू करा. सर्व्हिस चालू ठेवायला हे ठीक. पण त्या मोकळ्या जागेत योग्य टाइपचीच दुसरी वस्तू येऊन बसली, तर क्रॅश होत नाही; चुकीचा आकडा शांतपणे डेटाबेसमध्ये जातो. मला झोप लागू देत नाही ती ही शक्यता. क्रॅश निदान ओरडून सांगतो.

म्हणून चूक आणि क्रॅश यांतलं अंतर कमी करणं, हा माझा पक्ष. ‘फॉल्टहँडलर’ ३.३ पासून पायथनसोबतच येतो. तो सुरू ठेवला, तर प्रोग्रॅम मरताना पायथनच्या ओळी दाखवतो, आणि ३.१० पासून लोड झालेल्या एक्स्टेन्शनची यादीही देतो. संशयित तिथेच मिळतात. एकेक इम्पोर्ट काढत गेलं की यादी आटते. मग ‘पायथनमॅलॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘डिबग’वर ठेवा (३.६ पासून). सोडलेली मेमरी ठरावीक बाइटने भरली जाते, ३.८ पासून तो ‘डीडी’. जीडीबीत डीडी-डीडी अशी रांग दिसली की समजावं, मेलेली वस्तू कोणीतरी वाचतंय. व्हॅलग्राइंड लावणार असाल तर तेच व्हेरिएबल ‘मॅलॉक’वर ठेवा, नाहीतर पायथनच्या अ‍ॅलोकेटरआडचं त्याला नीट दिसत नाही.

या सगळ्याने प्रोग्रॅम मंदावतो, ही तक्रार रास्त आहे. फॉल्टहँडलरला मात्र ती लागू नाही. बाकीचं टेस्ट सर्व्हरवर चालवा.

पुढचा सेगफॉल्ट आला की पायथनच्या नावाने तक्रार नोंदवण्याआधी एक्स्टेन्शनची ही यादी काढा, स्क्रिप्ट कापून दहा-वीस ओळींवर आणा, आणि ती एक्स्टेन्शनच्या लेखकाला पाठवा. दुरुस्ती त्याच्याच कोडमध्ये व्हायची आहे.