आईला बाहेर थांबवू नका

अफूजन्य औषधांना आपण वेदनाशामके म्हणून ओळखतो. परंतु त्यांचे कार्यक्षेत्र केवळ शारीरिक वेदनेपुरते मर्यादित नाही. १९७५ मध्ये ॲबरडीन येथे ह्यूजेस व कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले आणि मेंदू स्वतःच मॉर्फिनसदृश द्रव्ये तयार करतो, हे सिद्ध झाले. ती कशासाठी, याचे एक उत्तर १९७८ मध्ये याक पँक्सेप यांच्या प्रयोगांतून मिळाले. एकट्या ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांचा आक्रोश मॉर्फिनच्या अत्यल्प मात्रेने शमला. २००४ मध्ये तर असे दिसून आले, की ज्या उंदरांत मॉर्फिनचे म्यू-ग्राहकच नाहीत, त्यांची पिल्ले आईपासून दूर केल्यावर फारशी आक्रंदत नाहीत. वेदना आणि विरह यांचे मेंदूतील रसायन असे निकटचे आहे.

याला दुसरी बाजूही आहे. मॉर्फिनच्या अमलाखाली उंदरांची आक्रमकता घटते. मात्र सवय जडल्यावर औषध एकाएकी थांबविले, की तेच उंदीर सोबत्यांवर तुटून पडतात. औषधाने आणलेली शांतता ही उसनवारीच होय.

गरोदरपणी अशी औषधे घेतलेल्या मातांच्या नवजात बालकांतही चिडचिड, कंप व कर्कश रडणे आढळते. अमेरिकेतील २६ रुग्णालयांतील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ दूध पिते का, झोपते का, कुशीत घेतल्यावर शांत होते का, एवढ्यावरच उपचार ठरविले असता बाळे सरासरी १४.९ ऐवजी ८.२ दिवसांत घरी जाण्यायोग्य झाली.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, हे मान्यच. तथापि टाचेतून रक्त घेताना आईच्या उघड्या छातीशी धरलेले निरोगी नवजात बालक पुष्कळच कमी रडते, हेही सिद्ध झालेले आहे. असे असता सुई टोचण्यापूर्वी आईला बाहेर पाठविण्याचा प्रघात अनेक ठिकाणी का टिकून आहे? आई घाबरेल, कामात व्यत्यय येईल, ही कारणे सांगितली जातात. घाबरलेल्या आईला दोन शब्दांत समजावता येते. एकट्या पडलेल्या बाळाला ते शक्य नाही.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की उपचारकक्षात आईसाठी एक खुर्ची मांडावी. तिला खर्च नाही, आणि तिची सवय लागली तरी अपाय नाही.